लेफ्ट

आजीच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता.

२०२४च्या जुलैचा पहिला आठवडा. सकाळचे साडेनऊ वाजलेले, पाऊस नुसताच भुरभुरत होता. रामकुंडाजवळ घाटावर पिंड मांडून झाले होते, बाबांचं मुंडण झालं होतं आणि आम्ही वीसेक जण जरा लांब सरकून समोरच्या तारेवर बसलेल्या दोन कावळ्यांकडे बघत उभे होतो. काकांनी हात जोडून सांगितलं, "आई, तुझ्या मनासारखं सगळं करू." कावळे ढिम्म. आत्या म्हणाली, "आई, वाटणीवरून आम्ही कुणी भांडणार नाही." एक कावळा उडाला, पण उलट्या दिशेला. मग काकांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

मी फोनवर टाईप करत होतो. 'नोटेड सर.'

मी रजेवर होतो. रजा मंजूर होती. आजी गेल्याचा मेसेज कंपनीच्या ग्रुपवर मीच टाकला होता आणि त्याखाली चाळीस-पन्नास जणांनी हात जोडले होते. त्याच ग्रुपवर, त्या जोडलेल्या हातांच्या खाली, त्या सकाळी एका ब्रॅकेटचा फोटो आला. कडेला धार राहिलेली, भोवती लाल गोल काढलेला. खाली माझं नाव टॅग केलेलं आणि एकच शब्द: 'अपडेट?'

"तो फोन ठेव रे आधी," काका म्हणाले. "आजीला वाटत असेल, हा अजून कामावरच आहे, कशाला त्रास द्या."

सगळे हसले. मीही हसलो. फोन खिशात टाकला. खिशात तो थरथरत राहिला. तासाभरानं गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास नाही. पण काकांचं वाक्य डोक्यातून जाईना. आजी मला दहावीपर्यंत सायकलवरून क्लासला जाताना गॅलरीतून बघत उभी राहायची. तिच्यासाठी एक सकाळ मला पूर्ण देता आली नाही. आणि ती सकाळ मी ज्याला दिली, तो ब्रॅकेट होता.

त्या रात्री मी फोनच्या नोट्समध्ये राजीनामा लिहिला. इंग्रजीत, चार ओळींचा. कारण म्हणून लिहिलं 'वैयक्तिक'. सगळे तेच लिहितात. 'तुमचे मेसेज आले की माझ्या पोटात खड्डा पडतो' असं लिहायची पद्धत नाही.

*

अंबडच्या एमआयडीसीत मी क्वालिटीला आहे. आमची कंपनी गाड्यांसाठी पत्र्याचे प्रेस केलेले पार्ट बनवते. काम वाईट नाही. पार्ट हातात घेऊन बोट फिरवलं की डाय कुठे झिजलाय ते सांगता येतं. हे शिकायला मला दोन वर्षं लागली आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण ते काम दिवसाचं. त्याच्या भोवती अजून एक काम आहे, ज्याला वेळ नाही. माझ्या फोनमध्ये कंपनीचे ११ ग्रुप होते. प्लँटचा एक, क्वालिटीचा एक, प्रत्येक कस्टमरचा वेगळा, डिस्पॅचचा, सेफ्टीचा, ऑडिट असला की ऑडिटचा. ऑडिट संपतं, ग्रुप संपत नाही. एक ग्रुप नुसत्या 'गुड मॉर्निंग'साठी काढलेला, त्यावरही साहेब असल्यामुळे गुड मॉर्निंग चुकवून चालत नाही. शिवाय एचआरचा ग्रुप. कंपनीची पोस्ट लिंक्डइनवर आली की तिथे लिंक पडते आणि खाली सूचना: सर्वांनी लाइक आणि शेअर करून स्क्रीनशॉट टाकावा. म्हणजे ज्या रविवारी मी कंपनीला शिव्या देत उठलो, त्याच रविवारी मी जगाला सांगितलं की अशा कुटुंबाचा भाग असल्याचा मला अभिमान आहे.

यातलं सगळंच फालतू नसतं, हेही सांगायला हवं. आमचा एखादा पार्ट कस्टमरच्या लाईनवर बसला नाही, तर तिथला इंजिनिअर फोटो टाकतो. मग आमच्याकडचा सगळा स्टॉक, वाटेतल्या गाडीतला माल आणि त्यांच्या गोडाऊनमधला माल एकेक करून तपासावा लागतो. लाईन थांबली तर त्याचे पैसे आमच्या बिलातून कापले जातात. अशा वेळी रात्री दोनला फोन आला तरी मी उठून जातो, आणि तक्रार करत नाही.

त्रास त्या फोनचा नाही. त्रास असा की खरी आग आणि कुणीतरी सहज ओढलेली काडी, दोन्ही एकाच आवाजात येतात. टुंग. जेवताना टुंग, अंघोळीत असताना टुंग. उघडून बघितल्याशिवाय कळत नाही काय आहे, आणि उघडलं की समोरच्याला कळतं की उघडलं. व्हॉट्सॲपनं ब्लू टिक आणली नोव्हेंबर २०१४ मध्ये. तेव्हा मी डिप्लोमाला होतो. आमच्या वर्गातली प्रेमात पडलेली पोरं त्या दोन निळ्या खुणांवरून रात्र-रात्र भांडायची. 'बघितलंस, पण रिप्लाय नाही केलास.' दहा वर्षांनी तेच वाक्य मला माझे साहेब म्हणतात.

हळूहळू अंगात काही सवयी मुरल्या. रात्री अकराला झोपायच्या आधी सगळे ग्रुप चाळायचे, म्हणजे झोप लागेल; आणि चाळले की झोप जायची. मित्रांबरोबर सोमेश्वरला चहाला गेलो तरी फोन टेबलावर, पडदा वर. एकदा गर्दीत कुणाच्या तरी फोनची माझ्यासारखीच टोन वाजली आणि माझे हात गार पडले. मी २८ वर्षांचा होतो.

रॉबर्ट कारासेक नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये एक साधी मांडणी केली होती: माणूस नुसत्या जास्त कामानं खचत नाही, काम जास्त आणि ते कसं, कधी करायचं यावर त्याचा ताबा कमी, अशी जोडी जमली की खचतो. सबिने झोनेनटाग या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पुढे बरीच वर्षं अभ्यास करून दाखवलं की थकवा जायला कामाच्या जागेवरून घरी येणं पुरत नाही, मनही तिथून निघावं लागतं. आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं 'बर्नआऊट'ची व्याख्या केली. तो आजार नाही, कामाशी जोडलेली अवस्था आहे, असं म्हणून तिच्या तीन खुणा दिल्या: शक्ती संपणं, कामाबद्दल मनात अंतर किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याकडून काही होत नाही असं वाटणं. मी हे वाचलं तेव्हा दुसऱ्या खुणेपाशी थांबलो. कारण एव्हाना पार्टवरून बोट फिरवताना मला काहीच वाटेनासं झालं होतं.

*

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. माझ्या लहानपणी आमच्या घरातली वेळ भोंग्यावर चालायची. सकाळी सातचा भोंगा झाला की बाबा गेलेले असायचे, साडेतीनचा झाला की आई चहाचं आधण ठेवायची. त्यांच्या हातापायाला ऑईलचा वास यायचा, कंबर दुखायची, आणि पगार माझ्या आजच्या पगाराच्या मानानं काहीच नव्हता. मी त्या दिवसांवर भाळून लिहीत नाहीये. त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट पेराइतकं आखूड आहे.

पण एकदा मी त्यांना विचारलं, "बाबा, घरी आल्यावर तुम्हाला कंपनीतून कधी बोलावणं यायचं का?"

त्यांनी आठवून बघितलं. "एकदा आग लागली होती तेव्हा शिपाई आला होता सायकलवर. बाकी नाही. सायकल गेटाबाहेर काढली की कंपनी गेटाच्या आत."

"आणि जास्त थांबावं लागलं तर?"

"डबल ओव्हरटाइम."

१९४८च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये ते लिहिलेलंच होतं: आठवड्याला ४८ तास, त्यावर काम केलं तर दुप्पट दरानं पैसे. मी 'स्टाफ' आहे. माझ्या नेमणूकपत्रात ओव्हरटाइम हा शब्द नाही. बाबांना ज्यासाठी दुप्पट पैसे मिळायचे, त्यासाठी मला अंगठ्याची इमोजी मिळते.

*

आमच्या घरात माझ्यासारखेच ढीगभर ग्रुप असलेली आणखी एक व्यक्ती होती. आई.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नाशिकपासून बसनं तासाभरावरचं गाव, पहिली ते चौथी, दोन शिक्षकी शाळा, पट १८. शाळेतून ती पाचला घरी येते, आणि मग तिची दुसरी शाळा सुरू होते. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा, मोजक्या दिवसांच्या प्रत्येक अभियानाचा वेगळा. 'आजची माहिती आजच, अत्यंत तातडीचे.' झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. फोटो काढला, त्याची लिंक भरा. लिंक भरली, भरल्याचा स्क्रीनशॉट टाका. ज्यांची माहिती आली नाही त्यांच्या नावांची यादी रात्री नऊला ग्रुपवर पडते. ५४ वर्षांची माझी आई त्या यादीत आपलं नाव नाही ना, हे चष्मा लावून बघते, आणि नसलं की शाळेतल्या मुलीसारखी सुटकेचा श्वास सोडते.

ही तिच्या एकटीची गोष्ट नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्यात निर्णय झाला होता की शिक्षकांनी महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी मुलांबरोबर, दहा-दहाच्या गटानं, सेल्फी काढून चढवायचा. हेतू हजेरी आणि गळती तपासण्याचा होता. शिक्षकांनी विरोध केला आणि ते मागे पडलं. २०२१च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले. हँडसेट गरम व्हायचे, अडकायचे, दुरुस्तीचा खर्च त्यांच्याच पदरी, आणि ज्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये माहिती भरायची ते इंग्रजीत. आईच्या गावातल्या अंगणवाडीताईही गेल्या होत्या. मला ते वाचून तेव्हा गंमत वाटली होती. फोन मिळावा म्हणून मोर्चे निघतात हे माहीत होतं. फोन घ्या म्हणून निघालेला मोर्चा मी पहिल्यांदा ऐकत होतो.

मग आला सप्टेंबर २०२४. शिक्षकदिनी, ५ सप्टेंबरला, शासन निर्णय निघाला: २० किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांमध्ये दोनपैकी एका शिक्षकाच्या जागी कंत्राटी शिक्षक नेमायचा. त्याआधी १५ मार्चचा संचमान्यतेचा निर्णय होताच. आईची शाळा १८ पटाची. म्हणजे आई किंवा तिच्याबरोबरचे तरुण गुरुजी, दोघांपैकी एकाची जागा तिथून जाणार. प्राथमिक शिक्षकांच्या संघटना एकत्र आल्या. काळ्या फिती लावून शिकवायचं, २५ सप्टेंबरला सामूहिक रजा टाकून मोर्चा काढायचा, आणि प्रशासनाच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडायचं, असं ठरलं.

गणपती नुकतेच गेले होते. रात्री जेवणं झाल्यावर आई फोन घेऊन माझ्या खोलीत आली. "अरे, ग्रुपमधून बाहेर कसं पडतात?"

मी दाखवलं. ग्रुपच्या नावावर दाब, पार खाली जा, लाल अक्षरात आहे बघ. तिचा अंगठा त्या लाल अक्षरांवर थांबला.

"कारवाई करतील का रे?"

"सगळेच पडतायत ना?"

"सगळे पडतायत म्हणून तर मी पडतेय. एकटी असते तर नसते पडले."

तिनं दाबलं. मग दुसरा ग्रुप. मग तिसरा. सात ग्रुप होते. शेवटच्या वेळी तिला माझी मदत लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मला एक स्क्रीनशॉट दाखवला. त्यांच्या केंद्रातल्या एका तंत्रस्नेही गुरुजींना ॲडमिन करून ठेवलं होतं. ते सगळ्यांत शेवटी निघाले आणि निघण्याआधी त्यांनी पडद्याचा फोटो काढला. वरपासून खालपर्यंत नुसत्या करड्या ओळी. अमुक लेफ्ट. तमुक लेफ्ट. लेफ्ट. लेफ्ट. मध्ये कुठेतरी माझ्या आईचं नाव.

ते त्या गुरुजींनाच दिसू शकलं, कारण ऑगस्ट २०२२ पासून व्हॉट्सॲपनं ग्रुप सोडणं गुपचूप करून टाकलंय. तुम्ही निघालात की फक्त ॲडमिनला कळतं, बाकीच्यांना सूचना जात नाही. कंपनीनं ही सोय म्हणूनच दिली, आणि मित्रांच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपसाठी ती खरंच सोय आहे. ती वापरून निघणारा एकटा निघतो, कुणाच्या डोळ्यात न येता, थोडं अपराधी वाटून घेत. माझा नोट्समधला चार ओळींचा राजीनामाही तसाच होता. 'वैयक्तिक कारण.' मी जाणार, माझ्या खुर्चीत दुसरा येणार, ११ ग्रुपमध्ये त्याला ॲड करणार, आणि ब्रॅकेटचा फोटो त्याला टॅग होणार.

त्या संध्याकाळी घर विचित्र शांत होतं. आई दोनतीनदा फोन उचलून बघून आली, बंद तर नाही पडला म्हणून. मग भाजी निवडत बसली आणि निवडता निवडता म्हणाली, "आमच्याकडे तिसरीत एक मुलगा आहे, त्याला जोडाक्षरं यायची नाहीत. काल त्यानं एस.टी.वरची पाटी वाचली. 'त्र्यंबकेश्वर'. पूर्ण वाचली."

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिनं शाळेतल्या एखाद्या मुलाबद्दल घरात सांगितल्याला किती महिने झाले होते, मला आठवेना. शाळेबद्दल ती रोज बोलायची. पण ते सगळं लिंक, यादी, फोटो आणि साहेब याबद्दल असायचं.

*

त्याच महिन्यात पुण्याची बातमी आली. एका मोठ्या ऑडिट फर्ममध्ये मार्चमध्ये रुजू झालेली २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट मुलगी जुलैमध्ये गेली होती, आणि तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये सगळीकडे फिरत होतं. कामाच्या ओझ्यानं मुलगी खचली, असं आईचं म्हणणं होतं. माझ्या आईनं ते पत्र फोनवर वाचलं. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "तुझं काम कसं चाललंय रे?"

मी 'ठीक' म्हणालो. मग म्हणालो, ठीक नाही. आणि नोट्स उघडून राजीनामा दाखवला. जुलैपासून तो तिथेच होता. बाबाही उठून आले, चष्मा लावून त्यांनी त्या चार ओळी वाचल्या.

"दे की," बाबा म्हणाले. "पण आधी एकदा माग."

"काय मागू?"

"जे हवंय ते. न मागता निघून गेलास तर त्यांना वाटेल, पगार कमी पडला म्हणून गेला."

बाबांच्या बोलण्यामुळे मला शाळेत एका ओळीत उरकलेला एक माणूस आठवला आणि मी त्याच्याबद्दल शोधून वाचलं. नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, 'दीनबंधु' चालवणारे. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना काढली, मागण्या मांडल्या, आणि १८९०च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा घेतली. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण रविवारी उशिरा उठतो, त्यामागे मागणी करायला लागलेली सहा वर्षं आहेत. त्यातल्या कुणाही एका कामगारानं गिरणी सोडून जाण्यानं रविवार मिळाला नसता. गिरणीनं दुसरा ठेवला असता.

कायद्याचं म्हणाल, तर इतर देशांत काही हललंय. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या मेल-मेसेजबद्दल कामगारांशी बसून बोलावं लागतं. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून वेळेनंतरच्या संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क आहे. नकार अवाजवी नसावा, एवढीच अट. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं होतं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. पण खासगी विधेयक संसदेत शेवटचं मंजूर झालं ते १९७० मध्ये. तेवढी वाट बघण्याइतका धीर माझ्यात नव्हता.

*

दिवाळीनंतर आम्ही पाच जण बसलो. क्वालिटीचे तिघं, डिस्पॅचचे दोघं. सातपूरला एका चहाच्या टपरीवर. साहेबांसमोर 'खूप त्रास होतो' म्हणून रडायचं नाही, काहीतरी हातात घेऊन जायचं, असं ठरलं. म्हणून आम्ही महिनाभराचे, रात्री आठनंतरचे सगळे मेसेज मोजायला घेतले. प्रत्येकानं दोन-तीन ग्रुप वाटून घेतले.

सकाळपर्यंत खरंच थांबता आलं नसतं असे मेसेज एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. बाकी सगळे फोटो, 'अपडेट प्लीज' आणि त्याखाली ओळीनं 'नोटेड सर'.

पण मोजताना मला दुसरंच सापडलं. आमच्या लाईनवरच्या इन्स्पेक्टर पोरांचा एक ग्रुप आहे. बहुतेक कंत्राटावरची, विशी-बाविशीची. त्या ग्रुपचा ॲडमिन मी. त्यात रात्री पावणेअकराला एक फोटो टाकलेला: चुकीचा टॅग लागलेली बिन, लाल गोल, एका मुलाचं नाव आणि खाली 'अपडेट?' पाठवणारा मी. तारीख बघितली. ज्या रात्री साहेबांनी मला विचारलं होतं, त्याच रात्री, चार मिनिटांनी.

खाली त्या मुलाचं उत्तर होतं. 'नोटेड सर.'

मला तोपर्यंत वाटत होतं की हे सगळं माझ्या अंगावर वरून पडतंय. ते माझ्यातून खालीही जात होतं, हे मी बघितलंच नव्हतं. साहेबांनाही त्यांच्या वरून येत असणार. मी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये गाठलं आणि म्हणालो, "रात्रीचा मेसेज चुकला माझा." त्याला कळेचना मी कुठल्या मेसेजबद्दल बोलतोय. असे इतके होते.

आम्ही एक पान लिहिलं. लाईन थांबली किंवा थांबणार असेल तर मेसेज नको, सरळ फोन करा, आम्ही उचलू. बाकी सगळं सकाळी. प्रत्येक शिफ्टला एक कॉमन हँडसेट ठेवा. शिफ्ट इनचार्जनं तो पुढच्याच्या हातात द्यायचा, किल्ल्यांसारखा. रजेवर असलेल्या माणसाला तेवढ्या दिवसांपुरतं ग्रुपमधून काढा. आणि हे नियम कंत्राटी पोरांनाही लागू. शेवटची ओळ मी घातली. खाली पाच सह्या.

साहेबांनी पान वाचलं. "कस्टमरला काय सांगू?" म्हणाले. आम्ही मोजलेले आकडे पुढे ठेवले. ते बराच वेळ कागद बघत बसले आणि मग म्हणाले, "यात माझे किती आहेत?" आम्ही कुणी बोललो नाही. ते म्हणाले, "बरं. ट्रायल घेऊ."

हँडसेट आला. तो आजही आहे, कोपरा फुटलेला. रजेवरच्या माणसाला ग्रुपमधून काढतात. परत घेतात तेव्हा कुणीतरी 'वेलकम बॅक' टाकतं. पण सगळं सुधारलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. लिंक्डइनचे स्क्रीनशॉट चालूच आहेत. पाचातला एक जण मार्चमध्ये चाकणला निघून गेला; जाताना म्हणाला, "भो, तुमचं पान चांगलं होतं, पण माझं संपलं होतं." त्याला अडवावंसं मला वाटलं नाही. नवीन आलेला एक ट्रेनी अजूनही रात्री अकराला साहेबांचा मेसेज आला की मिनिटभरात 'नोटेड सर' लिहितो. मी त्याला दोनदा सांगितलं, नको लिहूस. तो म्हणाला, "सर, तुम्ही परमनंट आहात."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईकडेही नसावं. आंदोलनानंतर तिला पुन्हा ग्रुपमध्ये ॲड केलं गेलं, एकेक करून, सातच्या सात. मी विचारलं, मग उपयोग काय झाला? ती म्हणाली, "आता मला बाहेर पडायचं बटण कुठे आहे ते माहीत आहे." रात्री आठनंतर ती फोन फडताळात, गव्हाच्या पिठाच्या डब्यामागे ठेवते. नऊची यादी आता ती सकाळी बघते. यादीत दोनदा तिचं नाव आलं. काही झालं नाही.

राजीनामा नोट्समध्ये तसाच आहे. मी तो पुसलेला नाही. एकदाच उघडून दुरुस्त केला: 'वैयक्तिक' हा शब्द खोडून तिथे खरं कारण लिहिलं. चार ओळींच्या नऊ झाल्या. कधी दिलाच, तर तो देईन.

२०२५च्या आषाढात आजीचं वर्षश्राद्ध झालं. घरीच केलं. आईनं केळीच्या पानावर सगळं वाढलं, आजीला आवडायची म्हणून आमसुलाची चटणी थोडी जास्त. पान गच्चीवर ठेवून यायचं काम माझ्याकडे आलं. फोन खाली चार्जिंगला होता. मी रजेवर होतो, त्यामुळे कुठल्याच ग्रुपमध्ये नव्हतो.

कावळा याही वेळी लवकर आला नाही. पाऊस थांबला होता, पांडवलेणीच्या बाजूला ढग उतरलेले दिसत होते. मी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हात दोनदा आपोआप खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. खालून काकांनी हाक मारली, "आला का रे?"

"नाही अजून," मी म्हणालो. "बसतो."